सदस्य उभे आहेत

—नाही, तो कागद आत्ता काढू नका, डॉक्टर, असू दे खिशातच. मला माहीत आहे कसला आहे तो. उद्या सकाळी दहाला कोर्टात ऑरिनची सुनावणी, आणि आदल्या दिवशी नोटीस ज्याची त्याच्या हातात पडली पाहिजे, घरच्यांच्या नाही — कलम चार. पाठ आहे हो मला. तुम्ही परवा वाचलं असेल, मी बावीस वर्षांपूर्वी ऐकलंय, याच टेबलाशी, शाई वाळायच्या आधी. बसा. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हलतो — ही घ्या. कॉफी ओतते. घाई कसली आहे? तो कुठे पळून चाललाय? तो काय, खिडकीतून दिसतोय ना — पेअरच्या झाडाखाली, काळा कोट, डोक्यावर हॅट. उभा. सकाळपासून तसाच उभा आहे. कोंबड्यांना काहीतरी सांगतोय. थांबा, ऐका... ऐकलंत? 'अध्यक्ष महाराज.' तेवढंच. झालं त्याचं भाषण.

मी ढवळता ढवळता बोलले तर चालेल ना? सफरचंदाचा गर आहे, अर्धा आटलाय, आता हात थांबला की बुडाला लागतो. पहाटेपासून पळी सोडली नाहीये मी. उद्या घरात कोण असेल आणि कोण नसेल ते देवाला ठाऊक, आणि मी गर आटवत बसलेय — हसू नका. सफरचंदं काय सुनावणीसाठी थांबणार आहेत? सडतात ती.

तुम्ही इथे नवीन. किती, दोन वर्षं? म्हणजे तुम्ही त्याला असाच पाहिलात. आधीचा ऑरिन टिल्सन तुम्हाला ठाऊकच नाही. न्हाव्याच्या दुकानात त्याला 'कोंबड्यांचा आमदार' म्हणतात — मान खाली घालू नका, तुम्ही म्हणालात असं म्हणत नाही मी. मला कळतं सगळं. पण त्याच न्हाव्याच्या बापाची डुकरीण ऑरिनने सोडवून आणली होती, हे नाही सांगत तो दाढी करताना. ऑरिनचा पहिला खटला तो. दोन शेजारी, एक डुकरीण, दोघं म्हणतात माझी. साक्षीदार दोन्हीकडून खोटं बोलतायत. ऑरिन तेवीस वर्षांचा, अंगात वडिलांचा कोट, बाह्या मी रात्री आत घेतलेल्या. उठला आणि म्हणाला, न्यायाधीश महाराज, माझी विनंती आहे की डुकरिणीलाच विचारावं. लोक हसले. मग त्याने ती कोर्टाच्या पायऱ्यांवरून मोकळी सोडली, आणि सगळी ज्यूरी तिच्या मागून चिखलातून, हॅटी सावरत — सरळ न्हाव्याच्या बापाच्या गोठ्यात गेली ती. आंबोणाच्या भांड्याशी जाऊन उभी. खटला संपला. वडील जेवताना म्हणाले, डुकरीण जास्त चांगली वकील होती. ऑरिन म्हणाला, हो ना, तिच्या वतीने दुसरं कुणी बोललं नाही म्हणून जिंकली ती.

बघा, तेव्हाच म्हणाला होता. मला ते आत्ता लक्षात येतंय.

हुशारी म्हणजे फार नव्हती हो त्याच्यात, मी बहीण आहे म्हणून उगाच नाही सांगणार. चिकाटी होती. आणि एक सवय होती — कुठलाही कागद हातात आला की आधी शेवटचं पान उलटायचा. आधी सही. म्हणायचा, कागद काय म्हणतो ते मागाहून बघू, आधी कोण म्हणतंय ते बघू. लायमन पेटिटलाही त्याने तेच शिकवलं. हो, तुमचे न्यायाधीश पेटिटसाहेब. आमच्या माडीवर राहून, ऑरिनची पुस्तकं वाचून वकील झाला तो, तीन वर्षं माझ्या हातचे पॅनकेक खाल्ले. गेल्या सोमवारी गेले होते मी त्याच्याकडे. म्हटलं, लायमन, अरे तूच ना रे तो, आजारी पडलास तेव्हा ऑरिनने तुझे पाय चोळले होते? रडला हो. खरंच रडला, टेबलावर डोकं ठेवून. पण म्हणतो काय, 'मावशी, हा कायदा त्यांनीच लिहिलाय. मी तो एका बाजूने वाकवला तर त्यांनीच मला कोर्टाबाहेर काढलं असतं.' आणि खरं आहे ते. काढलंच असतं.

कायदा कशासाठी लिहिला ते तुम्हाला कुणी सांगितलंय का? नाही. कोण सांगणार. गावात ती गोष्ट काढत नाहीत, माझ्यासमोर तर नाहीच.

माझं लग्न झालं होतं, डॉक्टर. हायरम क्विन. नदीकाठी त्याची शेती होती. एक मुलगी झाली, अकरा महिन्यांची होऊन गेली. घटसर्प. आणि मी बोलायची थांबले. वेड वगैरे काही नव्हतं — बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं. स्वयंपाक करत होते, दूध काढत होते, फक्त बोलत नव्हते. सात आठवडे. मग हायरमने दोन डॉक्टर आणले. तुमच्यासारखेच, चांगले, स्वच्छ कॉलरचे. मला बैठकीत बसवलं. एकाने विचारलं, बाईंना आज वार कोणता ते सांगता येईल का? मला ठाऊक होता, गुरुवार होता, लोणी काढायचा दिवस. मी तोंड उघडलं, इतक्या दिवसांनी शब्द कुठून काढायचा ते शोधत होते, जीभ जड झाली होती — तेवढ्यात ऑरिन उठला. माझ्या बाजूने हो! माझ्या बाजूनेच. वकील ना. म्हणाला, साहेब, माझी बहीण दुःखात आहे, तिला त्रास देऊ नका, तिच्या वतीने मी सांगतो. आणि सांगत बसला, छान सांगितलं, पाऊण तास. मी तोंड मिटलं. आणि त्या डॉक्टरने वहीत लिहिलं — 'उत्तर देता येत नाही.'

दोन वर्षं सात महिने. नदीपलीकडच्या त्या वेड्यांच्या इस्पितळात, जिथे उद्या ऑरिनला... कुलपं बाहेरून असतात तिथे. सगळी. संडासाचंसुद्धा. मी जास्त सांगत नाही त्याबद्दल. मग डुकरं कापायचे दिवस आले, हायरमला घरात दोन हात कमी पडायला लागले, आणि मी बरी झाले. असं त्यानेच लिहून दिलं आणि घेऊन आला. पुढे जरा काही झालं की तो कोर्टात जाऊन अर्ज टाकायचा, माझी बायको पुन्हा बिघडली म्हणून. मी पाया पडायची. मग तो अर्ज मागे घ्यायचा. तीनदा. तिसऱ्यांदा ऑरिन गाडी घेऊन आला आणि मला उचलून इथे घेऊन आला, भाकरीचं पीठ माझ्या हाताला तसंच होतं. हायरम पुढे युद्धात हगवणीने गेला. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

पळी धरता का जरा? मला ओव्हन बघायचाय. असं नाही, तळापासून, आठाच्या आकड्यासारखी फिरवा — हां. डॉक्टरांचा हात चांगला आहे.

म्हणून तो विधानसभेला उभा राहिला. दुसऱ्या कशासाठी नाही. लोकांना सांगितलं पुलासाठी, रस्त्यासाठी, कारण या बाईसाठी असं सांगून कोण मत देतं? पहिल्यांदा पडला. दुसऱ्यांदा खेचरावर बसून सगळा टॅमरॅक जिल्हा फिरला, प्रत्येक दारात हातभट्टीची व्हिस्की नाकारून लोकांना नाराज केलं, तरी निवडून आला. आणि तिथे, राजधानीत, विधेयक मांडलं तर एक सदस्य उठून म्हणतो, सन्माननीय टिल्सन अविवाहित आहेत, म्हणूनच त्यांना दुसऱ्यांच्या बायकांचा एवढा कळवळा! सगळं सभागृह हसलं. बुडवलं विधेयक. पुढच्या अधिवेशनात पुन्हा मांडलं, तर अध्यक्षांनी ठरवूनच टाकलं की याला बघायचंच नाही. तुम्हाला ठाऊक नसेल — तिथे नुसतं उठून बोलता येत नाही. उभं राहायचं, 'अध्यक्ष महाराज' म्हणायचं, आणि थांबायचं. अध्यक्षांनी तुमच्याकडे बघून नाव घेतलं, 'सन्माननीय सदस्य, अमुक जिल्हा', की मग तोंड उघडायचं. आणि अध्यक्षांनी बघितलंच नाही तर? तर तुम्ही नाहीच तिथे. उभे राहा नाहीतर खाली बसा. आणि बसलात म्हणजे तुमची मागणी सोडली.

तो बसला नाही. मी वर गॅलरीत होते, विणकाम घेऊन. प्रत्येक भाषण संपलं की ऑरिन — 'अध्यक्ष महाराज.' अध्यक्ष दुसरीकडे बघून दुसऱ्याचं नाव घेणार. पुन्हा भाषण, पुन्हा 'अध्यक्ष महाराज'. मी दर वेळी एक टाका उलटा घालत होते. सकाळी दहापासून. जेवायच्या सुट्टीतसुद्धा तो जागेवर उभा, एकटा, रिकाम्या सभागृहात, म्हणजे बसला असं कुणी म्हणायला नको. एकेचाळीस टाके झाले, डॉक्टर. तो मोजा आहे अजून माझ्याकडे, पायात घालता येत नाही इतका वाकडा. बेचाळिसाव्याला अध्यक्षांच्या बहुतेक डोळ्यांतच पाणी आलं असेल, नाहीतर कंटाळले असतील — म्हणाले, 'सन्माननीय सदस्य, टॅमरॅक जिल्हा.' आणि मग तो बोलला. सोळा मिनिटं. झाला कायदा.

आता कळलं ना, पक्षाघाताचा झटका आल्यावर बाकी सगळं पुसून गेलं आणि तेवढंच का उरलं?

भर कोर्टात आला हो झटका. कुंपणाचा खटला होता, अगदी साधा. वाक्याच्या मध्येच थांबला. म्हणे हातातली हॅट बघत राहिला, जशी काही कुणीतरी नवीनच दिली. उजवा हात गेला, पाय ओढतो. पाटी दिली लिहायला डाव्या हाताने, तर नुसत्या उभ्या रेघा मारतो, पाटीभर रेघा. वर्तमानपत्र उलटतो, पण वाचतो का ते मला सांगता येत नाही. आणि बोलायचं म्हटलं तर एकच. भूक लागली, अध्यक्ष महाराज. खिडकी लाव, अध्यक्ष महाराज. मला कळतं त्यातलं. पाण्याचं वेगळं असतं, शेवट जरा वर जातो. दुखत असलं की 'महाराज' लांबतं. सगळं कळतं मला! — म्हणजे बरंचसं. कधीकधी नाही कळत. कधीकधी मीच ठरवते की याला पाणी हवंय, आणि देते, आणि तो पितो. माणूस दिलेलं पाणी पितोच ना.

एकदा मी काय केलं... जाऊ दे. बरं, सांगते. एकदा माझ्या मनात आलं, हा उभा आहे, थांबलाय, याला कुणी पुकारत नाहीये म्हणून तर नाही? रविवार होता. तो इथे, चुलीपाशी उभा राहून 'अध्यक्ष महाराज' म्हणाला आणि मी हातातलं फडकं खाली ठेवलं, जरा जाड आवाज काढला आणि म्हटलं, 'सन्माननीय सदस्य, टॅमरॅक जिल्हा.' डॉक्टर, त्याचा चेहरा! असा उजळला, पाठ ताठ झाली, डाव्या हाताने कोटाची बटणं सारखी केली, तोंड उघडलं — आणि काही आलं नाही. उघडंच राहिलं. मी बघतेय, तो बघतोय. मग गालावरून पाणी यायला लागलं, तोंड तसंच उघडं. पुन्हा नाही केलं मी. कधीच नाही. थांबलेला असला तरी बरा, निदान आशा असते.

कायद्यातलं कलम पाच आणि सहा — तुम्हाला माहीत आहेत, पण ती कशी आली ते नाही माहीत. तो इथे बसून लिहीत होता आणि मला विचारत होता, थर्झा, आणखी काय? मी म्हटलं, अर्ज एकदा आला की मागे घेता येऊ नये. कुणालाच. म्हणजे कुणी कुणाच्या डोक्यावर टांगून ठेवायला नको. लिहिलं. मी म्हटलं, ज्याचा प्रश्न त्यानेच स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावं. नवऱ्याने नाही, बापाने नाही, वकिलाने नाही. लिहिलं. मग मी म्हटलं, भावानेसुद्धा नाही. त्याने वर बघितलं नाही. लिहिलं. आणि मग, डॉक्टर, मीच म्हटलं — 'भाऊ' लिहितोस तर 'बहीण'पण लिही, नाहीतर कुणीतरी वाट काढेल. त्याला हसू आलं. म्हणाला, तू विधानसभेत पाहिजे होतीस. तो शब्द माझा आहे. साऱ्या राज्याच्या कायद्यात माझा म्हणून एक शब्द आहे, आणि उद्या कोर्टात त्याच शब्दाने माझं तोंड बंद.

आणि तीन प्रश्न, त्यातलं एक उत्तर बरोबर आलं तरी माणूस घरी — तेही मीच. घाबरलेल्या माणसाला तीन जमत नाहीत, एक जमतं. तो पाच म्हणत होता, लोकांना पटावं म्हणून. मी भांडून कमी करून घेतले.

काय म्हणता? अर्ज केला कुणी?

तुमच्या खिशात आहे की. तुम्ही वाचलाय. मग मला कशाला विचारता?

...द्या इकडे पळी. तुम्ही थांबलात, लागेल तो.

गेल्या महिन्यातली गोष्ट. कोठीच्या खोलीत गेले होते, डुकराची चरबी आणायला. याला दारं लावायची सवय लागलीय, उघडं दार दिसलं की लावतो, किल्ली असली की फिरवतो. त्यात वाईट काही नाही. लावलं त्याने. मी आतून हाक मारली. ऑरिन, अरे मी आत आहे. तो बाहेरून म्हणतोय, अध्यक्ष महाराज. मी म्हटलं, किल्ली फिरव, ऑरिन. अध्यक्ष महाराज. मी ओरडले. मी — तुम्हाला सांगून कळणार नाही. बाहेरून लावलेलं दार. खिडकी नाही तिथे. चार तास होते मी, दूधवाली आली तेव्हा तिने उघडलं. माझ्या नखांना रक्त होतं. आणि तो दारासमोर उभा होता तसाच, हॅट घालून, मदत बोलावत होता बिचारा, कुणाला तरी सांगत होता की ही आत आहे म्हणून — आता कळतंय मला. तेव्हा नाही कळलं. तेव्हा मला त्याच्या चेहऱ्यात हायरमचा चेहरा दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोर्टात गेले आणि अर्ज केला. सही केली. थर्झा टिल्सन क्विन. इतकी नीट सही मी आयुष्यात केली नव्हती. घरी आले तर तो दाराशी उभा, आणि माझ्यासाठी त्याने डाव्या हाताने, सगळा सांडून, कॉफीचा कप भरून ठेवलेला. गार झालेली.

त्याच पावली परत गेले. कारकून म्हणाला, बाई, मागे घेता येत नाही. कलम पाच.

काय लिहिताय? ते काय लिहिलंत? — कोठीचं? अहो, ते नका लिहू! मी तुम्हाला तो किती निरुपद्रवी आहे ते सांगत होते. त्याने कोंडलं नाही मला, त्याने दार लावलं. फरक आहे ना. खोडा ते. डॉक्टर, खोडा. कसं काय बोलून गेले मी हे... मी एकेकाळी सात आठवडे गप्प बसू शकले होते, आणि आज तुम्ही कॉफीचे दोन घोट घेतले नाहीत तोवर सगळं ओकले.

बरं. खोडू नका. तुमचंही काम आहे. पण मग माझं एक ऐका. याचसाठी मघापासून तुम्हाला बसवून ठेवलंय, आता लपवत नाही. प्रश्न कोणते विचारायचे ते कायद्यात लिहिलेलं नाही. डॉक्टरच्या मनावर आहे. वार, साल, नाव — विचारा, दोन तसले विचारा. पण एक, एकच प्रश्न असा विचारा: 'श्री. टिल्सन, सभागृहात बोलायला उभं राहिलं की पहिल्यांदा काय म्हणतात?'

कळलं तुम्हाला. कळलं ना? चेहऱ्यावरून दिसतंय. लबाडी आहे, हो, मी कुठे नाही म्हणतेय! पण प्रश्न खरा आहे. उत्तरही खरं आहे. चार वेळा निवडून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारण्यात गैर काय? लायमन कान पाडून ऐकेल आणि काही बोलणार नाही, मला माहीत आहे. सहा रात्री जागून शोधलाय मी हा प्रश्न. त्याला सकाळपासून रात्रीपर्यंत काहीही विचारा, तो तेच म्हणणार, आणि जगात एक तरी प्रश्न आहे ज्याचं ते बरोबर उत्तर आहे. एकच पुरतं, डॉक्टर. एकच. मीच कमी करून घेतले होते.

बोला ना. नाही, बोलू नका — बोलायला लागलात तर नाही म्हणाल. मान हलवा नुसती.

...हलवलीत? हलवलीत ना? मी बघितलं. नका सांगू मला. मी बघितलं. बसा, बसा, तुम्हाला पाव देते गरम, वर हा गर घालून. तुमची आई कुठे असते? तिला माझ्यातर्फे एक बरणी द्या. देवा रे. मला जरा टेकू दे.

हो. नोटीस. ते राहिलंच. ती तर द्यावीच लागणार, नाहीतर सुनावणीच खोटी पडेल आणि पुन्हा पहिल्यापासून. द्या. पण घडी घातलेली द्या, अशी, तिहेरी. त्याच्या हातात ठेवा, तो धरेल, नुसता धरून उभा राहील. दोन वर्षांत कुठला कागद वाचलाय त्याने. मोठ्याने वाचून दाखवायचं कलमात नाही, नुसता द्यायचाय. तेवढं मी घालायचं विसरले, बरं झालं.

ऑरिन! ऑरिन, आत ये रे. डॉक्टर आलेत. पाय पूस. हां. हे बघ, हे डॉक्टर. तुझ्यासाठी काहीतरी आणलंय, काही नाही रे, कागद आहे, कोर्टाचा, तुझ्या ओळखीचा. घे. डाव्या हातात घे. बघा डॉक्टर, घेतला कसा व्यवस्थित. आता ठेव तो इथे टेबलावर आणि मी तुला पाव — ठेव, ऑरिन. उघडू नकोस. कशाला उघडतोस, घडी मोडेल ना —

नाही. ऑरिन. पहिलं पान बघ. इकडून. पहिल्या पानापासून वाचतात माणसं.

ऑरिन.

मी सांगणार होते तुला. मी परत गेले होते रे, त्याच दिवशी परत गेले होते, कलम पाच, तुला ठाऊक आहे कलम पाच, तूच... बोट काढ त्या सहीवरून. माझ्याकडे बघ. काहीतरी म्हण. तेच म्हण. ओरड हवं तर. तू दिवसभर म्हणतोस ना, कोंबड्यांना म्हणतोस, मला म्हणतोस, मग आत्ताच काय झालं? डॉक्टर, थांबा, तो म्हणेल, जरा थांबा. विचारा त्याला. उद्या विचारणार तो प्रश्न आत्ता विचारा, मला बघू दे — नको, मीच विचारते. ऑरिन, सभागृहात उभं राहिलं की पहिल्यांदा काय म्हणतात? सांग ना. अध्य... अध्यक्ष...

हे बघ, मी पुकारते तुला. सन्माननीय सदस्य, टॅमरॅक जिल्हा. ऐकतोयस ना? सन्माननीय सदस्य, टॅमरॅक —

अरे, हॅट का काढतोस? खुर्ची कशाला ओढतोस?

बसू नकोस. ऑरिन, उठ. बसू नकोस ना रे.

...

गर लागला. वास येतोय.

जा तुम्ही, डॉक्टर. उद्या दहाला. दार लावू नका जाताना, उघडंच राहू द्या.